उकडलेलं अंडं परत कच्चं का होत नाही?

प्रश्न : तूप गरम केलं की पातळ होतं, गार झालं की परत थिजतं. मग उकडलेलं अंडं फ्रीजमध्ये कितीही ठेवलं तरी पहिल्यासारखं का होत नाही? मुलगा दहावीत आहे, तो म्हणतो उष्णतेने प्रोटीनचा आकार बिघडतो. पण मुळात तो आकार धरून कोण ठेवतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलाचं बरोबर आहे, पण शाळेत तेवढंच सांगून सोडून देतात आणि खरी गंमत तिथूनच सुरू होते. तूप वितळतं तेव्हा त्याचे रेणू आहेत तसेच राहतात, फक्त एकमेकांपासून सुटे होतात. अंड्यात रेणूच उलगडतो.

पांढऱ्या भागातलं मुख्य प्रोटीन म्हणजे ओव्हल्ब्युमिन, ३८५ अमिनो आम्लांची एक लांब साखळी. त्यातली काही अमिनो आम्लं तेलकट स्वभावाची, त्यांचं पाण्याशी जमत नाही, म्हणून आमटीवर तेलाचे थेंब जसे एकत्र येतात तशी ती साखळीच्या आत दडी मारतात आणि पाणी आवडणारी बाहेर राहतात. अशी साखळी दुमडून तिची ठरावीक घडी बसते, तोच प्रोटीनचा आकार, आणि त्यामागचा मुख्य जोर हाच. मग हायड्रोजन बंध, म्हणजे साखळीच्या भागांमधली हलकी ओढ, असतात, काही प्रोटीन्समध्ये सल्फरचे पक्के बंधही असतात. हे सगळं ऐकून वाटेल की केवढी मजबूत रचना! तर तसं अजिबात नाही. साखळीला मोकळं वळवळायचं असतं आणि घडीत ते स्वातंत्र्य जातं, त्यामुळे सगळा जमाखर्च मांडला की घडीच्या बाजूने जी शिल्लक उरते ती जेमतेम मोजक्या हायड्रोजन बंधांएवढी.

म्हणूनच थोडी उष्णता पुरते. पांढऱ्या भागातलं एक प्रोटीन ६२ अंशांच्या आसपासच उलगडतं, ओव्हल्ब्युमिन मात्र ८० पर्यंत तग धरतं, त्यामुळे ६५ अंशांच्या पाण्यात ठेवलेल्या अंड्याचा पांढरा भाग दुधी होतो पण लिबलिबीतच राहतो.

आता परत का फिरत नाही? उलगडल्यावर आतले तेलकट भाग उघडे पडतात, आणि तिथे प्रोटीनची इतकी दाटी असते की ते स्वतःच्या साखळीऐवजी शेजारणीलाच चिकटतात, वर दोन साखळ्यांमध्ये सल्फरचे बंध जुळतात. बघता बघता जाळं तयार होतं. पांढऱ्या भागात जवळपास ८८ टक्के पाणी असतं, तरी उकडलेलं अंडं कापल्यावर पाणी सांडत नाही, कारण ते या जाळ्यात अडकलेलं असतं. गार केल्याने जाळं सुटत नाही.

पण घडी कशी घालायची ही माहिती जात नाही हं, ती साखळीतल्या अमिनो आम्लांच्या क्रमातच असते. अमेरिकेत ख्रिश्चन अनफिन्सन या शास्त्रज्ञांनी गाईच्या स्वादुपिंडातलं रायबोन्यूक्लिएज नावाचं, आरएनए तोडणारं प्रोटीन घेतलं, १२४ अमिनो आम्लं आणि सल्फरचे चार बंध. ते बंध तोडून त्यांनी ते युरियात पूर्ण उलगडलं (शेतात टाकतो तोच युरिया, पण लिटरला जवळजवळ अर्धा किलो!). मग युरिया काढून टाकला आणि हवेतला ऑक्सिजन मिळू दिला, तर प्रोटीनने आपली आपण घडी घातली आणि परत कामालाही लागलं. युरिया असतानाच बंध जुळू दिले तर मात्र सगळा गोंधळ, कारण आठ सल्फरच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात आणि बरोबर प्रकार एकच. १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. विरळ द्रावणात हे जमतं कारण चिकटायला शेजारी नसतात.

आणि अंड्याचंही थोडंफार जमलंय बरं का. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ९० अंशांवर २० मिनिटं उकडलेला पांढरा भाग युरियात विरघळवला, मग वेगाने फिरणाऱ्या नळीत पातळ थर करून साखळ्या ओढून सोडवल्या, आणि लायसोझाइम नावाचं प्रोटीन त्यातून परत कामाचं करून दाखवलं. त्याबद्दल त्यांना इग नोबेल हे हसवणारं पारितोषिक मिळालं. अख्खं अंडं कच्चं झालं असं समजू नका, एक प्रोटीन परत आलं, आणि तेही युरियातून, म्हणजे ऑम्लेटचं नाव काढू नका.