जुने मोटारघर घेतल्यावर सुरुवात कुठून करावी?

वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त आहोत. नाशिकच्या एका कुटुंबाकडून आम्ही जुन्या डिझेल मॅटाडोरवर बांधलेले मोटारघर नुकतेच विकत घेतले. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, नंतर दिवसभर तक्रार नसते. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ पडले आणि पायथ्याशी थोडे थांबल्यावर पुन्हा पूर्ववत झाले. मागच्या भागाची बॅटरी न वापरताही उतरते आणि छताच्या कडेने भिंतीला ओल दिसते. गॅरेजवाले इंजिनला डिझेल पुरवणारा पंप आणि नोझल उतरवायला सांगतात, तर आमचे सुतार आतले फर्निचर आधी नवे करून घ्या म्हणतात. आम्ही नेमके काय करावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या पत्रातील बाकी सर्व कामे थांबू शकतात, ब्रेकचे काम थांबू शकत नाही. ते पूर्ण होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये, आणि मुंबईतही स्वतः चालवण्याऐवजी ती टोइंग करून गॅरेजपर्यंत न्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

उतारावर ब्रेक दगा देतो तो दोन प्रकारे. पेडल कडक राहते पण गाडी आवरत नाही, तेव्हा ब्रेक लायनर तापून त्यांची पकड सुटलेली असते. आपल्यासारखे पेडल मऊ पडून खाली जाते आणि गाडी थंड झाल्यावर पूर्ववत होते, तेव्हा बहुधा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, हे यामागचे मूळ कारण आहे. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच प्रमाणित मर्यादा १४० अंश आहे, आणि अनेक पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीतील ऑइल याहूनही वाईट अवस्थेत असू शकते. ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून पाहा. ऑइल चहाच्या रंगाचे दिसले तर ते कधी बदलले होते हे विचारत बसण्याची गरज नाही. सगळे ऑइल काढून, झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच नवे भरावे आणि चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत एअर काढावी. त्याच वेळी मास्टर सिलिंडर आणि चाकांच्या सिलिंडरांची रबर किट व रबरी ब्रेक पाइप बदलून घ्यावेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे आरसे, दरवाजे, काचा शोधायला जरूर जावे, पण ब्रेकचा कोणताही भाग जुना वापरलेला घेऊ नये.

याच संदर्भात गाडीचे वजनही पाहावे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यावर मोठी बॅटरी, गाद्या, ओटा आणि छतावरचा कॅरिअर, हे सगळे त्याच ब्रेकला आवरावे लागते. गाडी प्रवासाला निघताना जशी भरलेली असते तशी वजनकाट्यावर न्यावी, पुढच्या आणि मागच्या चाकांचे वजन वेगवेगळे घ्यावे आणि आर.सी. बुकातील एकूण वजनाशी ताडून पाहावे. फर्निचर नवे करायचेच असेल तर ते या आकड्याच्या आधारे करावे. जाड प्लायवूडची सुबक कपाटे घरात शोभतात. गाडीत प्रत्येक किलोचा हिशेब उतारावर द्यावा लागतो.

आता सकाळच्या सेल्फकडे वळू. पंप आणि नोझल उतरवण्याची घाई करू नये, असे आम्हांला ठामपणे वाटते, कारण एकदा सुरू झाल्यावर गाडी दिवसभर व्यवस्थित चालते, ही एकच गोष्ट पंपाच्या बाजूने मोठी साक्ष आहे. सकाळी एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून सायलेन्सरकडे पाहावे. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे पण पेट घेत नाही, असा त्याचा अर्थ होतो, आणि संशय सिलिंडर आधी तापवणाऱ्या हीटर प्लगवर जातो. काहीच धूर येत नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही; म्हणजे रात्रीत कुठून तरी एअर शिरून लाइनमधले डिझेल मागे टाकीत उतरले आहे. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारण्यापूर्वी, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावरचा हातपंप कडक लागेपर्यंत दाबावा. मग गाडी लगेच सुरू झाली, तर निदान झाले असे समजावे.

एअर घेणारी जागा शोधणे मात्र चिकाटीचे काम आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे तिथल्या फटीतून गाडी चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते, आणि म्हणूनच सगळे कोरडे दिसते आणि मेकॅनिकची नजर चुकते. रबरी पाइपाऐवजी काही वेळ डिझेलला टिकणारा पारदर्शक पाइप लावला की जाणारे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. सांध्यांवरची तांब्याची वॉशर, फिल्टरचे रबर, हातपंपाचा दट्ट्या आणि नोझलवरून परत जाणारे सुती वेष्टनाचे बारीक पाइप या जागा आधी तपासाव्यात. यांतले बहुतेक भाग अगदी थोड्या पैशांत मिळतात. डिझेलच्या टाकीच्या तळाच्या बोल्टमधून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवावे. तळाशी पाणी किंवा काळा गाळ बसला, तर फिल्टर बदलण्यापूर्वी टाकी धुऊन घेणे भाग आहे.

हीटर प्लगचा दोष मुंबईत लपून राहतो. आपल्याकडच्या उकाड्यात चारांपैकी एखादा प्लग गेला तरी गाडी कुरकुरत का होईना सुरू होते. महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या पहाटे ती सुरू होणार नाही. प्रत्येक प्लगची तार सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. चांगल्या प्लगचा रोध जेमतेम एक ओहम किंवा त्याहून कमी असतो, गेलेल्या प्लगमधून वीजच जात नाही, म्हणून मीटर रोधाचा आकडाच दाखवत नाही. जुन्या पद्धतीची सलग जोडणी (एका प्लगमधून दुसऱ्यात वीज जाणारी) असेल, तर एक प्लग जाताच चारही बंद पडतात.

बॅटरी उतरण्याचे कारण शोधताना सर्व दिवे व पाण्याचा पंप बंद करावेत, ऋण टोकाची केबल सोडवून मध्ये अँपिअर मोजणारा मीटर जोडावा आणि एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या तारेवर चोरटा भार आहे. एका अँपिअरचा भारसुद्धा चोवीस तासांत चोवीस अँपिअर-तास खातो. आधीच्या मालकांनी मागची बॅटरी इंजिनच्या बॅटरीला थेट जोडली आहे का, तेही पाहावे. मध्ये रिले, म्हणजे दोन बॅटऱ्या गरजेप्रमाणे जोडणारा-तोडणारा स्विच, नसेल तर एक बॅटरी दुसरीला घेऊन बुडते.

ओलीचे काम जूनच्या आत उरकावे. पाणी एका ठिकाणी शिरते आणि भलत्याच ठिकाणी दिसते, म्हणून एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने पाइपाचे पाणी खालून वर, थोडे थोडे सरकवत सोडावे. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच ओले होते आणि काहीच कळत नाही. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन धरत नाही. आधीचे पूर्ण खरवडून काढावे लागते. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणते, त्यामुळे दुकानात न्यूट्रल प्रतीचे मागावे. सुतारांना बोलवायचे ते छत कोरडे ठरल्यानंतरच.

प्रश्न : आमच्या जुन्या कॅराव्हॅनमध्ये सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात, बॅटरीच्या शेजारी आहे. अधूनमधून गॅसचा मंद वास येतो. रेग्युलेटर बदलला तर पुरेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पुरणार नाही. आजच सिलिंडर गाडीबाहेर काढावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वर निघून न जाता जमिनीलगत साठतो, आणि बॅटरीच्या टोकावरची एक ठिणगी त्याला पुरते. सिलिंडरसाठी राहण्याच्या भागापासून पूर्ण बंद, तळाला बाहेरच्या बाजूने जाळी असलेला, बॅटरीविरहित वेगळा कप्पा करावा. आयएसआय चिन्हाची नवी रबरी नळी लावावी आणि प्रत्येक सांधा साबणाच्या फेसाने तपासावा. काडी पेटवून तपासण्याचा अघोरी प्रकार अजूनही चालतो, तो कोणालाही करू देऊ नये. थंडीत ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : १९८८ सालच्या मोटारघराची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येईल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : येणार नाही, आणि आली तरी ती आपल्या उपयोगाची नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी व चारचाकी वाहनेच या वर्गात येतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि नित्याच्या प्रवासासाठी ती रस्त्यावर आणता येत नाहीत. आपण पंधरा वर्षांनंतरच्या नेहमीच्या नोंदणी-नूतनीकरणाचाच मार्ग धरावा, जे खाजगी वाहनासाठी पाच वर्षांचे असते. त्याआधी आर.सी. बुकात बॉडीचा प्रकार काय लिहिला आहे, तो नीट वाचावा. साध्या व्हॅनवर मागाहून घर बांधले असेल आणि तो बदल नोंदलेला नसेल, तर वाहनातील बदलांविषयीच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो आणि विम्याचा दावाही अडू शकतो.

प्रश्न : परदेशी बनावटीच्या जुन्या मोटारघरातला गॅसवर चालणारा फ्रिज थंडच होत नाही. गॅस भरून घ्यावा का?
— एक वाचक, वसई

उत्तर : या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, अमोनिया आणि पाणी यांचे मिश्रण उष्णतेने फिरते, आणि ते नीट फिरण्यासाठी फ्रिज समपातळीत असावा लागतो. म्हणून आधी फ्रिजच्या तळावर पाणसळ ठेवून पाहावी, बर्नरवरची काजळी साफ करावी आणि मागच्या बाजूची हवा खेळती आहे ना, ते पाहावे. मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर नळी फुटली आहे. तो फ्रिज काढून टाकावा आणि त्या जागी बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज बसवावा; वसईच्या मे महिन्यात तोच अधिक भरवशाचा ठरेल.