आधी वहीत लिहा, मग कुणाला सांगा

ताई, वारलेल्या वडिलांची हाक तुम्हाला पहाटे ऐकू आली, यात घाबरण्यासारखं काही नाही. आजच वहीत लिहा: वेळ, कूलर चालू होता का, तुम्ही पुरत्या जाग्या होतात का. झोप आणि जाग यांच्या सीमेवर असे आवाज खूप जणांना येतात. दहा जणांना सांगत बसू नका. दर वेळी सांगताना आठवण थोडी बदलते, अशा नोंदी ठेवणारे नवखे इथेच चुकतात. भीती घालून पैसे उकळणाऱ्या भोंदूबाबाकडे तर नकोच. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा अशांसाठीच आहे.

आई गेल्यावर, मे महिन्यातल्या दुपारी, नागपूरच्या महाल भागातल्या घरी मला तिच्या काकणांची किणकिण ऐकू आली. लाइट गेलेली, कूलर बंद. सगळं तपासलं. वहीच्या त्या पानावर शेवटी ‘माहीत नाही’ एवढंच लिहिलंय, आणि आता ते वाचताना जीव घाबरत नाही.