ऑटिस्टिक मुलगा मैदानावर इतर मुलांत मिसळत नाही, काय करावं?

मुलगा ५ वर्षांचा आहे, मैदानावर झोपाळा सोडत नाही आणि ‘जा, त्यांच्यात खेळ’ म्हटलं की रडतो, असं तुम्ही लिहिलंय. माझी मुलगीही ऑटिस्टिक आहे, आता १० वर्षांची. सगळ्यात आधी सांगते, झोपाळा सोडायला लावू नका. त्या लयीत पुष्कळ मुलं शांत होतात, आणि शांत झाल्यावरच त्यांचं आजूबाजूला लक्ष जातं.

तो झोक्यावरून इतरांना बघतो का? बघत असेल तर सुरुवात झालीय. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात दुसऱ्यांचा खेळ नुसता बघणं आणि शेजारी बसून आपापलं खेळणं हेही आहे.

‘मिसळ’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला कळत नाही. पकडापकडीत नियम क्षणाक्षणाला बदलतात, म्हणून ती एवढ्यात नको. घसरगुंडी बरी: पुढचा खाली गेला की आपली पाळी, हे डोळ्यांना दिसतं. माझी लेक वर जाऊन बसायची ती खाली यायचीच नाही, मागची मुलं ओरडायची. मग मी खालून ‘एक, दोन, तीन... सूंऽऽ’ म्हणू लागले. मागचा एक मुलगाही मोजू लागला आणि ती ‘सूं’ला सुटायची. एकदा तो मोजायचं विसरला, तर तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि थांबली. तोंडातून शब्द नाही, पण ते त्याला बोलावणंच होतं! मला तरी ते ‘हाय म्हण, हात मिळव’पेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

आणि सगळा भार त्याच्यावरच का? ऑटिझमवर संशोधन करणाऱ्या कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ६० ऑटिस्टिक मुलांवरचा शाळांमधला अभ्यास प्रसिद्ध केला. नुसतं त्या मुलांना शिकवण्यापेक्षा वर्गमित्रांना त्यांच्याशी कसं खेळायचं-बोलायचं ते शिकवल्याने ती मुलं वर्गात जास्त सामावली गेली. म्हणून मैदानावरच्या एखाद्-दुसऱ्या समजूतदार मुलाला सांगा: याला नाव घेऊन विचार, उत्तराला वेळ दे, ओढू नकोस, नको म्हणाला तर नंतर पुन्हा विचार.

गर्दी नसेल अशी वेळ निवडा. निघायच्या आधी ‘अजून पाच झोके, मग घरी’ असं सांगा आणि तो थकायच्या आत निघा. नजरेला नजर देण्याचा आग्रह मात्र मुळीच धरू नका.