वाचकांचे प्रश्न : ओढण्याचा आकडा आणि पेलण्याचा आकडा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या वाचकांकडून मोठ्या पिकअप ट्रकांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना, आणि नाशिकहून आलेल्या एका नेमक्या शंकेला, या अंकात उत्तरे दिली आहेत. ट्रकवर आणि ट्रेलरवर वजने पौंडांतच छापलेली असल्यामुळे आम्हीही पौंडच वापरले असून आवश्यक तेथे किलोग्रॅम दिले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे २०२३ सालचा फोर्ड एफ-२५० आहे. चार दारांची क्रू कॅब, फोर-व्हील ड्राइव्ह आणि डिझेल इंजिन अशी त्याची रचना आहे. निवृत्तीनंतर फिफ्थ व्हील पद्धतीचे फिरते घर ट्रकमागे जोडून देश पाहण्याचा आमचा बेत असून अधूनमधून मुलगी आणि जावईही बरोबर असतील. आम्ही पसंत केलेल्या घराचे कमाल मान्य वजन १४,००० पौंड आहे आणि ट्रक त्याहून कितीतरी अधिक ओढतो, असे विक्रेत्याने सांगितले. मात्र चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील स्टिकरवर प्रवासी आणि सामान मिळून २,३४० पौंडांपेक्षा अधिक वजन असू नये, असे लिहिले आहे. यांपैकी काय खरे मानावे? (एक वाचक, केटी, टेक्सस)

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु आपल्या बेताचा निकाल दुसरा आकडा लावतो. ओढण्याची क्षमता इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सलचे गुणोत्तर, ब्रेक आणि इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था यांवरून ठरते, आणि आजच्या डिझेल ट्रकांत या सर्व गोष्टी इतक्या भक्कम असतात की १४,००० पौंडांचा ट्रेलर ओढताना इंजिनाला फारसे जड जात नाही. पेलोड म्हणजे ट्रकने स्वतःच्या अंगावर पेलावयाचे वजन होय. ट्रकच्या कमाल मान्य वजनातून इंधन भरलेल्या रिकाम्या ट्रकचे वजन वजा केले की उरते ते पेलोड. आपल्या ट्रकचे कमाल मान्य वजन १०,००० पौंड धरले, तर तो ट्रक रिकामाच सुमारे ७,६६० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेतीन टनांचा आहे, असे स्टिकरवरून निघते.

फिफ्थ व्हील ट्रेलर हा मागच्या बंपरखालच्या हिचला, म्हणजे ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीला, जोडला जात नाही. त्याच्या पुढच्या भागातील पिन ट्रकच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या हिचवर टेकते, आणि ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग त्या पिनवर येतो. मधला २० टक्क्यांचा आकडा घेतला, तरी १४,००० पौंडांच्या घराचे २,८०० पौंड थेट आपल्या ट्रकच्या पाठीवर येतात. त्यात हिचचे सुमारे २०० पौंड, चौघांचे ६०० पौंड आणि हौद्यातील अवजारे, खुर्च्या इत्यादींचे १५० पौंड मिळवा. बेरीज ३,७५० पौंड होते, म्हणजे मर्यादेपेक्षा १,४१० पौंड जास्त. मुलगी आणि जावई घरी राहिले आणि हौदा रिकामा ठेवला, तरी पिन, हिच आणि आपण दोघे मिळून ३,३०० पौंड होतातच.

विक्रेते ट्रेलरचे रिकामे वजन सांगतात, त्यावर हिशेब करू नये. बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, भांडीकुंडी आणि पाणी हे सगळे त्यानंतर चढते. पाण्याचे वजन तर पुष्कळ जणांच्या लक्षातच येत नाही. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचे असते, तेव्हा ६० गॅलनची टाकी भरली की सुमारे ५०० पौंड वाढले. ती टाकी ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे असेल तर पिनवरचा भार वाढतो आणि मागे असेल तर कमी होतो. खरा आकडा हवा असल्यास हमरस्त्यालगतच्या ट्रक स्टॉपवरील कॅट स्केल या वजनकाट्यावर जावे. प्रथम ट्रेलर जोडून, मग तो सोडून एकट्या ट्रकचे वजन करावे. ट्रकच्या दोन्ही ॲक्सलांवरील वजनांच्या बेरजेत जेवढा फरक पडेल, तेवढा पिनचा भार. मागच्या ॲक्सलची आणि टायरची मर्यादा चौकटीवर वेगळी छापलेली असते, तीही त्याच वेळी ताडून पाहावी.

मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या बसवल्या की प्रश्न सुटतो, असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. पिशव्यांमुळे ट्रकची बसलेली पाठ वर उचलली जाते, परंतु छापलेली मर्यादा एक पौंडानेही वाढत नाही. याच्या उलट बाजूने केला जाणारा युक्तिवाद थोडा अधिक दमदार आहे, तो असा की एकेरी मागच्या चाकांचा एफ-३५० हा आपल्या एफ-२५० पासून मुख्यतः मागच्या स्प्रिंगांच्या बाबतीतच वेगळा आहे, आणि १०,००० पौंडांचा आकडा यंत्रापेक्षा वर्गवारीच्या सोयीने ठरलेला आहे, कारण ८,५०१ ते १०,००० पौंड हा तेथील ‘२बी’ वर्ग होय. फोर्डच्या बाबतीत यात बरेच तथ्य आहे. रॅम या दुसऱ्या कंपनीच्या ट्रकांबाबत ते कमी आहे, कारण २०१४ पासून रॅम २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग असतात आणि ३५०० ला लीफ स्प्रिंग म्हणजे पाटे असतात. तरीही अपघात झाल्यावर वकील आणि विमा कंपनी चौकटीवरचा कागद वाचतात, ट्रकची घडण नव्हे, म्हणून आमचे मत छापलेल्या आकड्याच्या बाजूने आहे.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. ट्रक तोच ठेवायचा असेल तर फिफ्थ व्हीलचा नाद सोडून बंपरमागे जोडला जाणारा ट्रेलर पाहावा. त्याचा १० ते १५ टक्के भारच हिचवर येतो आणि वजन वाटून देणारी हिच लावली की त्यातला काही भाग पुढच्या ॲक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर जातो. आपल्याला तेच घर हवे असेल तर एक टनी, म्हणजे एफ-३५० च्या वर्गातला, ट्रक घ्यावा, आणि शक्यतो मागे दुहेरी चाके असलेला, ज्याला तेथे ‘ड्युअली’ म्हणतात, तो घ्यावा. अशा ट्रकचे कमाल मान्य वजन १४,००० पौंडांपर्यंत जाते आणि आडव्या वाऱ्यात तो स्थिर राहतो, हा चार जास्तीच्या आकड्यांपेक्षा मोठा लाभ आहे. मात्र १४,००० पौंडांचा ट्रक आणि १४,००० पौंडांचा ट्रेलर मिळून २६,००० पौंडांची मर्यादा ओलांडली जाते, त्यामुळे टेक्ससमध्ये आपल्याला बिगर-व्यावसायिक ‘क्लास ए’ परवाना काढावा लागेल. हौदा आठ फुटांचा घेतल्यास तीव्र वळणावर घराचा कोपरा कॅबच्या काचेला लागण्याची भीतीही राहत नाही.

प्रश्न : कंपनी आपल्या जाहिरातीत ८,००० पौंड पेलोड आणि ४०,००० पौंड टोइंग, म्हणजे ओढण्याची क्षमता, सांगते. वितरकाकडे उभ्या असलेल्या एकाही ट्रकवर हे आकडे का दिसत नाहीत? (एक वाचक, डॅलस)

उत्तर : कारण ते एका ट्रकचे आकडेच नाहीत. २०२३ पासूनच्या फोर्ड सुपर ड्यूटी मालिकेत ८,००० पौंडांचे पेलोड एफ-३५० च्या अगदी साध्या रचनेचे आहे, ज्यात दोन दारांची रेग्युलर कॅब, मागे दुहेरी चाके, टू-व्हील ड्राइव्ह आणि पेट्रोल इंजिन असते. ४०,००० पौंड ओढणारा ट्रक एफ-४५० असून त्यात ५०० अश्वशक्तीचे अधिक ताकदीचे डिझेल इंजिन असते आणि ट्रेलर गूजनेक पद्धतीचा, म्हणजे हौद्यातील गोळ्यावर जोडला जाणारा, असावा लागतो. क्रू कॅब, फोर-व्हील ड्राइव्ह, डिझेल इंजिन, उघडणारे काचेचे छत, थंड हवेच्या आसनांचा संच, यांपैकी जे जे आपण निवडाल, त्याचे वजन पेलोडमधून वजा होते. वितरकाकडे दिमाखाने उभा असलेला सर्वांत महाग ट्रक बहुधा सर्वांत कमी वजन पेलणारा असतो.

प्रश्न : आमच्या ढोल-ताशा पथकाचे ढोल, ताशे, ध्वज आणि गणेशोत्सवाच्या मंचाचे सामान यांसाठी बंदिस्त ट्रेलर घ्यायचा आहे. त्यासाठी हेवी-ड्यूटी पिकअप लागेल का? (एक मंडळ, शिकागो परिसर)

उत्तर : मुळीच नाही. ढोल जागा फार घेतात, पण त्यांचे वजन बेताचे असते. ७,००० पौंड कमाल वजनाचा ट्रेलर योग्य हिच आणि ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर असलेला साधा पिकअप आरामात ओढतो. मंचाच्या लोखंडी चौकटी मात्र ट्रेलरच्या पुढच्या भागात ठेवाव्यात आणि ढोल मागे. एकूण भारापैकी सुमारे ६० टक्के भार ॲक्सलच्या पुढे असावा, नाहीतर वेग वाढताच ट्रेलर डुलू लागतो. वर्गणीचे पैसे ट्रकवर घालवू नयेत.

प्रश्न : माझा बागकाम आणि दगडी फरसबंदीचा व्यवसाय आहे. हौद्यात दगड आणि मागे ८,००० पौंडांचा यंत्राचा ट्रेलर घेऊन आठवड्यातून दोनदा आय-७० महामार्गावरून डोंगरापलीकडच्या गावांत जावे लागते. पेट्रोल घ्यावे की डिझेल? (एक वाचक, ऑरोरा, कोलोरॅडो)

उत्तर : सपाट प्रदेशातून हा प्रश्न आला असता तर आम्ही पेट्रोल असे एका वाक्यात उत्तर दिले असते. पेट्रोल इंजिनाचा ट्रक स्वस्त असतो, आणि डिझेल इंजिन काही शे पौंडांनी जड असल्यामुळे त्याच कमाल वजनाच्या ट्रकमध्ये पेट्रोलवाल्याला दगडांसाठी तेवढे पेलोड अधिक मिळते. आपला रस्ता मात्र आयझेनहॉवर बोगद्यातून जातो आणि तो बोगदा ११,१५८ फुटांवर आहे.

ओढण्याचे आकडे ज्या जे-२८०७ या मानकानुसार ठरतात, त्यातील घाटाची कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. तेथे कोलोरॅडो नदीच्या काठापासून ११.४ मैल चढ असून, तापमान १०० अंश फॅरनहाइट किंवा अधिक असताना वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून एकेरी चाकांच्या ट्रकला किमान ४० मैल आणि दुहेरी चाकांच्या ट्रकला ३५ मैल वेग राखावा लागतो. ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांच्या दोन व्यक्ती धरलेल्या असतात, दगड नव्हे. ही कसोटी उष्णतेची उत्तम परीक्षा घेते, पण तो चढ जेथे संपतो, तेथून बोगदा आणखी कित्येक हजार फूट वर राहतो. फोर्डचे ७.३ लिटर, शेवरलेचे ६.६ लिटर आणि रॅमचे ६.४ लिटर ही पेट्रोल इंजिने टर्बोविना चालतात, आणि अशा इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना ढोबळमानाने ३ टक्के घटते. बोगद्याशी पोहोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश शक्ती गेलेली असते. टर्बो असलेले डिझेल विरळ हवा दाबून घेते, म्हणून त्याला हा फटका फार कमी बसतो.

आमच्या मते मात्र निर्णय चढावर नव्हे, उतारावर व्हावा. चढताना वेग कमी झाला तर उजव्या मार्गिकेतून सावकाश जाता येते. सात टक्के उतारावर ८,००० पौंडांचा ट्रेलर मागून ढकलत असताना ब्रेक तापले, तर तसा पर्याय उरत नाही. डिझेल ट्रकांतील एक्झॉस्ट ब्रेक ट्रान्समिशनच्या साहाय्याने वेग धरून ठेवतो आणि पायाखालचे ब्रेक थंड राहतात. आपण डिझेल घ्यावे, पण एक टनी, कारण पाऊण टनी, म्हणजे एफ-२५० च्या वर्गातल्या, डिझेलमध्ये दगडांना जागाच उरणार नाही. ट्रेलरचा १२ टक्के भार धरला तरी ९६० पौंड हिचवर गेले, हे विसरू नये.

प्रश्न : बोलेरो मॅक्स पिकअपचा सर्वांत मोठा नमुना २,००० किलो माल वाहतो. केटीसारख्या ठिकाणचा एवढा अवाढव्य ट्रक त्याच्या निम्मेही पेलत नाही, हे कसे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निम्म्याहून थोडे अधिक पेलतो, पण शंका रास्त आहे. २,००० किलो म्हणजे ४,४०० पौंड, आणि तेवढे पेलोड अमेरिकेतील अनेक पाऊण टनी डिझेल ट्रकांना नसते. तेथील ट्रकचे मान्य वजन मोठे इंजिन, पाच जणांची कॅब आणि चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा यांतच खर्च होते. आपल्याकडचा पिकअप कांद्याच्या गोण्या किंवा द्राक्षांचे क्रेट पाठीवर घेऊन बाजार समितीत जाण्यासाठी घडवलेला आहे. अमेरिकी ट्रक ताशी ६५ मैल वेगाने सहा टनांचा ट्रेलर घाट चढवण्यासाठी घडवलेला आहे. दोघांनी एकमेकांची कामे करू नयेत.

प्रश्न : मिनी एक्स्कॅव्हेटर भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू करत आहे. १४,००० पौंडांचा गूजनेक ट्रेलर ठरला आहे. ड्युअली ट्रक घेतल्यास व्यावसायिक चालक परवाना लागेल का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : होय. ट्रक आणि ट्रेलर यांच्या छापील कमाल वजनांची बेरीज २६,००१ पौंड किंवा अधिक असेल, आणि ट्रेलर १०,००० पौंडांपेक्षा जड असेल, तर व्यवसायासाठी ‘क्लास ए’ सीडीएल, म्हणजे व्यावसायिक चालक परवाना, आवश्यक ठरतो. १४,००० अधिक १४,००० म्हणजे २८,०००. ट्रेलर त्या दिवशी रिकामा असला तरी सुटका नाही. एकेरी चाकांचा, ११,५०० पौंडांचा एक टनी ट्रक घेतल्यास बेरीज २५,५०० होते आणि सीडीएल टळतो. मात्र गूजनेकच्या गोळ्यावर २,८०० पौंड धरून त्या ट्रकचा स्टिकर आधी वाचावा आणि मगच इसार द्यावा. पेन्सिल्व्हेनियात कामे घेणार असाल, तर राज्याची सीमा ओलांडणाऱ्या व्यावसायिक वाहतुकीसाठी १०,००१ पौंडांपासूनच यूएसडॉट क्रमांक (केंद्रीय परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक) आणि चालकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. सीडीएल टळला, तरी या दोन्ही गोष्टी टळत नाहीत.