‘जैसे थे’ म्हणजे नेमके कसे?

प्रश्न : शेजाऱ्याने माझ्या बांधकामावर दावा लावला. कोर्टाने ‘दोन्ही पक्षांनी परिस्थिती जैसे थे ठेवावी’ असा हुकूम दिला. भिंती निम्म्या झाल्यात. निदान त्या तरी पुऱ्या करू का?

उत्तर : एक वीटही चढवू नका. हुकुमात वेगळा दिवस लिहिला नसेल, तर हुकूम झाला त्या दिवशी जी स्थिती होती ती ‘जैसे थे’. भिंत चार फूट असेल तर ती चारच फूट राहील. शेजाऱ्यालाही ती पाडता येणार नाही. पण त्या दिवशी ती चार फूट होती हे उद्या कोण सांगणार? या हुकुमाची सगळी गोम इथेच आहे. तारखांवर तारखा जातात आणि ‘तेव्हा जोतेच होते’, ‘नाही, भिंती होत्या’ यावरच निम्मे भांडण होते. म्हणून आजच भिंतीला टेप लावून फोटो काढा. वकिलांना सांगून कोर्ट कमिशनर (जागा पाहून कोर्टाला अहवाल देणारा माणूस) नेमून घेता आला तर फारच उत्तम. आणि हुकूम मिळाला म्हणजे शेजारी जिंकला, असे मुळीच नाही. खरे-खोटे अजून ठरायचेच आहे.

प्रश्न : मग स्थगिती वेगळी का?

उत्तर : हो. पाडकामाच्या नोटिशीला स्थगिती मिळाली, तर त्या नोटिशीची अंमलबजावणी थांबते. ‘जैसे थे’ त्या वस्तूलाच किंवा ताब्यालाच जागच्या जागी थांबवतो. मात्र विक्रीही थांबली का, हे हुकुमाच्या शब्दांवरून ठरते. त्यामुळे नक्कल मिळवून स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

प्रश्न : समोरच्याने हुकूम मोडला तर?

उत्तर : दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 39, नियम 2-अ खाली त्याच कोर्टात अर्ज करा. मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. त्याने बांधलेले स्वतः जाऊन पाडू नका. तसे केलेत तर हुकूम मोडणारे दोघे होतील.

प्रश्न : ‘औषध घेतले, पण दुखणे जैसे थे’ हा वापर चूक आहे का?

उत्तर : अजिबात नाही. कोर्टात ‘जैसे थे’ मिळावा म्हणून लोक धडपडतात, घरी मात्र तीच तक्रार असते. शब्दाचे रूप तेवढे बदलू नका. दुखणे असो, ताबा असो की भिंत, ‘जैसे थे’च.