तेलाचा डबा घ्यावा की पाव किलोच बरं?

प्रश्न : राजारामपुरीत चार घरची धुणीभांडी करते, मालक बांधकामावर, त्यांची हजेरी शनिवारी मिळते, ती पण पावसानं काम थांबलं नाही तर. एका घरच्या वहिनी सारख्या सांगतात, उन्हाळ्यात वर्षाची ज्वारी भरून ठेव, तेलाचा डबाच घे, आठवड्याचा मेनू लिहून काढ, बक्कळ पैसे वाचतील. मी पाव किलो सुटं तेल आणते, ते महाग पडतं हे मलाबी कळतंय पण जमतच नाही. माझंच कुठं चुकतंय का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाही, हिशोबच मांडून बघूया. १५ किलोचा डबा दोन हजाराच्या वर जातो. सुट्या तेलापेक्षा त्यात समजा दीडशे वाचले, पण एकदम दोन हजार आणायचे कुठनं? गल्लीत शेकडा पाचनं उचलले तर महिन्याला शंभर रुपये व्याज, डबा तीन महिने पुरवला की झाले तीनशे. आणि घरातलेच पैसे तेलात घातले आणि त्याच आठवड्यात पोराला ताप आला तर डॉक्टर काय फीऐवजी तेल घेणार आहे का? पाव किलो तेल आणणाऱ्या बाईला हिशोब कळत नाही असं म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

ज्वारी भरायची तर कोरडी जागा लागते. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा भरून ठेवलेलं धान्य भिजून फुगून गेलंच की. शिवाय डबा भरलेला दिसला की शेजारीण वाटी घेऊन येते आणि उद्या आपल्यालाही तिच्याच दारात जायचं असतं, नाही म्हणवत नाही. मेनूचं म्हणाल तर स्वस्तातला नवीन पदार्थ पोरांनी ताटात टाकला तर परत शिजवायला घरात असतं काय?

त्यापेक्षा एक बघा, रेशनकार्डावर सगळ्या पोरांची नावं चढलीत का? तुमचं कार्ड अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीत असेल तर माणशी ५ किलो धान्य महिन्याला फुकट आहे (जानेवारी २०२३ पासून), दोन पोरांची नावं राहिली असली तर १० किलो गेलं, एवढी बचत कुठल्याच मेनूत होत नाही. अंत्योदय कार्ड असेल तर माणसं न मोजता घरटी ३५ किलो. तेल, भाजी, मीठ-मिरची मात्र बाहेरूनच आणावी लागणार, ते काही सुटत नाही.

आणि त्या वहिनींना एकदा सरळ विचारा, मे महिन्यात दोन हजार उचल द्याल का, बिनव्याजी, चार महिन्यांत पगारातून कापून घ्या. दिले तर घ्या की डबा.