मानसोपचार परिचर्येची पदविका : परतल्यानंतरची नेमणूक आधी लेखी मागा

जिल्हा रुग्णालयातून मानसोपचार परिचर्येच्या एक वर्षाच्या पदविकेला जायचे आहे, पण नंतरच्या नेमणुकीविषयी कार्यालय ‘परत आल्यावर पाहू’ एवढेच म्हणते, हे आपले लिखाण वाचून माझे जुने दिवस आठवले. पात्रता, अनुभवाचा दाखला, परिचर्या परिषदेची नोंदणी यांविषयी लिहीत नाही. ते आपल्याला ठाऊक असणारच.

प्रशिक्षणाबद्दल माझी तक्रार नाही. तीव्र आजाराच्या, व्यसनमुक्तीच्या आणि बालमानसोपचाराच्या वॉर्डांत काम करून, रुग्णाशी झालेला संवाद शब्दशः लिहून त्यातील आपली वाक्ये शिक्षकांकडून तपासून घेऊन मी परतले, आणि आस्थापना शाखेने माझी नेमणूक अस्थिरोग वॉर्डात केली. ‘सिस्टर, मंजूर पद अधिपरिचारिकेचे आहे, विषयाचे नाही,’ हे उत्तर प्रत्येक अर्जाला मिळाले. पदविकेची नोंद सेवापुस्तकात होईना, कारण प्रतिनियुक्तीच्या आदेशाची प्रत हवी होती. तो आदेश त्याच शाखेने काढलेला होता!

हे केवळ माझे गाऱ्हाणे नाही. त्याच काळात वरच्या मजल्यावरील मानसोपचार वॉर्डात, हे प्रशिक्षण न मिळालेल्या सहकारी ‘रात्री माणसे कमी आहेत’ म्हणून रुग्णाला बांधून ठेवत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ९७ एकांतवासाला पूर्ण मनाई करते. बांधणे हा तात्काळ इजा टाळण्याचा एकमेव उपाय असेल आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने परवानगी दिली असेल, तरच त्याला मुभा देते, आणि कर्मचारी कमी असणे हे कारण स्पष्टपणे नाकारते. बांधल्याचे नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांच्या आत कळवावे लागते. चिडलेल्या रुग्णाला शब्दांनी शांत करणे हे प्रत्यक्ष कामातून शिकण्याचे कौशल्य आहे. वर्षभर वापरले नाही, तर ते बोथट होते.

म्हणून कार्यमुक्त होण्यापूर्वीच परतल्यानंतरची नेमणूक मानसोपचार विभागात किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात होईल, असे लेखी मागावे. मी सेवानियमांची जाणकार नाही, विभागागणिक पद्धत बदलते; संघटनेतील जुन्या माणसाला जरूर विचारावे. संस्था निवडताना मात्र वसतिगृह आणि निकालाची टक्केवारी बाजूला ठेवून विद्यार्थिनी वॉर्डात किती काळ असतात आणि तेथे कोणी शिक्षक हजर असतो का, एवढेच पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

बंधपत्र करून घेतले, तर त्यातील सेवेच्या अटीपुढे ‘मानसोपचार विभागात’ हे दोन शब्द घालण्याचा आग्रह धरावा, आणि सही केलेल्या प्रतीवर आवक क्रमांक घेऊनच कार्यालयाबाहेर पडावे.